बंद न होणारा मोबाइल

"अपडेट मारल्यापासून बॅटरीच टिकत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच, त्याच्या हातातल्या चार्जरवरून, मी ते मनातल्या मनात म्हणून टाकतो. अपडेट 'मारतात' आमच्याकडे. जणू मोबाइलनं काही गुन्हा केला होता.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मिलिंदराव, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं लिहा. तुमच्याकडे विचित्र गिऱ्हाइकांचे किस्से असतील." आहेत. सुरुवातीला तसंच लिहितो. पुढचं मात्र हलकं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे फराळाचं ताट पुढ्यात घेऊन कुणी फसायला नको.

माझं दुकान मुकुंदवाडीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. तिथं मी आधी टेपरेकॉर्डर उघडले, मग साधे बटनांचे फोन, आणि आता हे काचेचे. यंत्र बदललं, गिऱ्हाईक तेच राहिलं. त्याला यंत्रात काय बिघडलंय ते ऐकायचं नसतं, चूक आपली नाही एवढंच ऐकायचं असतं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. मोबाइलला नवं सॉफ्टवेअर आलं की त्याची अवस्था नुकतंच घर बदललेल्या कुटुंबासारखी होते. फोटो नव्यानं लावायचे, ॲपं नव्या जागी बसवायची, जुनं सामान आवरायचं. तुम्ही मोबाइल बाजूला ठेवला तरी त्याची आतली धावपळ चालूच असते. म्हणून तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. दोन-तीन दिवसांत आवराआवर संपते आणि निम्म्या लोकांची तक्रार आपोआप मिटते. त्यामुळं पहिल्यांदा आलेल्या माणसाला मी सांगायचो, "काही करू नका, थांबा." याचा लोकांना भयंकर राग येतो. काहीही न करता बरं होणं कुणाला पटत नाही.

उरलेल्यांत बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एखादं ॲप नव्या सॉफ्टवेअरशी जुळत नाही आणि पाठीमागं सारखं धडपडत राहतं. बॅटरी कोण खातंय याची यादी मोबाइल स्वतःच दाखवतो. ती बघायची, त्या ॲपला आवरायचं, नाहीतर काढून पुन्हा टाकायचं. तरीही भागलं नाही तर बॅटरीच म्हातारी झालेली असते. अपडेटनं तिचं वय उघडं पाडलेलं असतं, एवढंच. सगळी विद्या ही एवढीच आहे. बाकी सगळा धीर.

धीर नसलेल्या माणसांचं ऐका. करमाडचा एक बियाणंवाला होता. अपडेटनंतर मोबाइल तापतो म्हणून त्यानं तो फ्रीजमध्ये ठेवला, वरच्या बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्याच्या पिशवीशेजारी. सकाळी काढला तर पडद्याच्या आतून पाणी. माझ्यासमोर ठेवून म्हणतो, "गरम व्हता म्हून गार केला. यात माझं काय चुकलं?" मी त्याला त्याचं चुकलं असं शेवटपर्यंत पटवू शकलो नाही.

दुसरा दौलताबादला पर्यटकांना किल्ला दाखवणारा. किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या काळोख्या भुयारातून माणसं नेताना तो मोबाइलचा टॉर्च लावायचा. अपडेटनंतर एके दिवशी भर अंधारीत, अख्खी सहल मागं असताना, मोबाइल मान टाकून मोकळा. पोरं रडायला लागली, वर वटवाघळं, आणि याला पुढची पायरी दिसेना. दुकानात येऊन त्यानं जो आरडाओरडा केला तो अख्ख्या रस्त्यानं ऐकला. शेवटी दमून म्हणाला, "मशाल बरी व्हती राव. तिला अपडेट येत नाय." हे मला इतकं आवडलं की मी त्याचं काम त्याच दुपारी करून दिलं.

हसण्यासारखं इथवरच. आता साळवे मावशींचं सांगतो.

कौसाबाई साळवे आमच्या भागातल्या एका शाळेत शिपाई होत्या. अख्खी मुकुंदवाडी त्यांना मावशी म्हणायची, कारण अख्ख्या मुकुंदवाडीला त्यांनी कधी ना कधी दप्तरासकट वर्गात ढकललेलं होतं. त्यांचे मालक, साळवे काका, शेंद्र्याच्या एका कंपनीत फिटर होते. दोघंही निवृत्त झाले, मुलगा पुण्याला लागला, आणि आता जरा निवांत बसायचं म्हणता म्हणता मावशी विसरायला लागल्या. आधी भाजीत मीठ. मग नातेवाइकांची नावं. मग काकांचंही.

विसरणं एक वेळ परवडलं असतं, पण मावशी चालायला लागल्या. काकांची पाठ फिरली की दार उघडून बाहेर. कुठं जायचंय ते त्यांना ठाऊक नसायचं, पण पायांत घाई असायची. काका मागून धावायचे. भाजीवाल्या, रिक्षास्टँड, स्टेशन, सगळीकडं एकच प्रश्न: "आमची मावशी दिसली का?" सगळे त्यांना ओळखायचे. कुणी हात करून दिशा दाखवायचा, कुणी मावशींना आधीच बसवून हातात चहा दिलेला असायचा. एकदा मात्र त्या पार करमाडपर्यंत गेल्या. कुणाच्या गाडीत बसून गेल्या ते कधीच कळलं नाही. तेव्हा मुलगा पुण्याहून आला, त्यानं एक मोबाइल घेतला, त्यात माणूस कुठं आहे ते दाखवणारं ॲप टाकलं आणि कापडी पिशवीत घालून मावशींच्या गळ्यात अडकवला. मावशी ती पिशवी लगेच पोलक्यात खोचायच्या. काकांच्या मोबाइलवर नकाशा, आणि नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे मावशी.

थोडे दिवस बरे गेले आणि मोबाइलला अपडेट आलं.

काका दुकानात आले तेव्हा त्यांच्या अंगाला घामाचा वास येत होता. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. "मिलिंद, दुपार झाली का हा मरतो. ठिपका गायब. मग मी पुन्हा गल्लीगल्लीनं वरडत फिरतो. माझे गुडघे आता तेवढे ऱ्हायले नायत. ह्याला कायबी करून दिवसभर चालू ठेव. येक दिवस ही मला सापडायची नाय बघ."

मी बघितलं. दुखणं सरळ होतं. अपडेटनंतर ते ठिपक्याचं ॲप नीट थांबत नव्हतं. घरात बसलेल्या मावशींनाही ते सारखं शोधत होतं, म्हणून मोबाइल तापत होता. इथं एक अडचण होती. बॅटरी वाचवायची म्हटलं की आमचा हात आधी अशाच ॲपवर जातो: पाठीमागून चालणं बंद करा, जागा दाखवणं बंद करा. पण काकांना नेमकं तेच हवं होतं. जे बॅटरी खात होतं तेच मावशींना शोधत होतं. म्हणून मी बाकी सगळं काढलं. गाणी, बातम्या, मुलानं हौसेनं टाकलेले खेळ, सगळं. ठिपक्याचं ॲप काढून नव्यानं टाकलं, बॅटरीही नवी बसवली, आणि मोबाइल दिवसभर माझ्या काउंटरवर चालू ठेवला. संध्याकाळी निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक. मी काकांना ऐटीत सांगितलं, "आता घोर नाही."

दोनच दिवसांनी काका परत. मोबाइल दुपारीच बंद पडला होता.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी राग काकांचाच आला. मी म्हणालो, "काका, रात्री नीट चार्जिंगला लावता ना? का पिन अर्धीच बसते?" आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला मी पिन कशी बसवायची ते विचारत होतो.

मग मी बॅटरीचा आलेख उघडला. दिवसभरात बॅटरी कशी उतरली त्याची रेघ मोबाइल काढून ठेवतो. उपासमारीनं मेलेल्या मोबाइलची रेघ उतरत उतरत तळाला टेकते. ही रेघ तळाला टेकलीच नव्हती. अर्ध्याच्या वर असतानाच कापल्यासारखी तुटली होती. पुढं कोरी जागा, आणि काकांनी रात्री चार्जिंगला लावला तिथून पुन्हा सुरू. आदल्या दिवशीही तसंच.

"काका, याची बॅटरी संपलेली नाही. हा कुणीतरी बंद केलाय."

"कोन करील? घरात आम्ही दोघंच."

"मावशी?"

काका हसले. ते हसणं मला अजून आठवतं. "तिला सोताचं नाव इचारलं तर भित्तीकडं बघती. मोबाइल काय बंद करील ती? वाजला तरी उचलत नाय, नुस्ती आयकत बसती."

मी म्हणालो, उद्या त्यांना घेऊन या. खात्री करून घेऊ.

दुसऱ्या दिवशी काका मावशींना हाताला धरून घेऊन आले. नीट वेणी घातलेली, स्वच्छ पातळ. वेणी काका घालायचे, हे मला तेव्हा कळलं, कारण ती फिटरच्या हातानं आवळल्यासारखी घट्ट होती. मी मावशींना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मोबाइल त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो उलटा धरला आणि मांडीवर ठेवून दिला. काकांनी माझ्याकडं पाहिलं: बघ, सांगितलं नव्हतं? मी पिशवी त्यांच्या गळ्यात परत अडकवली. त्यांनी ती सवयीनं पोलक्यात खोचली. आम्ही इकडचं तिकडचं बोलत बसलो. बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं.

बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "चल कौसे, घरी." मावशी उठल्या. दाराशी आल्या आणि थांबल्या. भिंतीवरच्या बोर्डाकडं वळल्या, आणि डावीकडून उजवीकडं एकेक बटन बंद करत गेल्या. ट्यूब, पंखा, माझ्या टेबलावरचा दिवा, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री. बोर्डाकडं न बघता. मग छातीवर हात ठेवला. पिशवी पोलक्यात राहून गरम झालेली असणार. त्यांनी ती बाहेर काढली, मोबाइल हातात घेतला, कडेचं बटन अंगठ्यानं दाबून धरलं, पडद्यावर जे आलं त्यावर बरोबर बोट टेकवलं आणि पडदा काळा झाल्याची खात्री करून घेतली. पिशवीत घालून पिशवी पुन्हा खोचली.

"झालं," मावशी म्हणाल्या. "चला, शाळा सुटली."

मी बोर्डावरची बटनं पुन्हा लावली. मग काकांनी सांगितलं. शाळा सुटली की सगळ्या वर्गांतले दिवे-पंखे बंद करत फिरणं हे मावशींचं रोजचं शेवटचं काम. आणि त्या शाळेत दहावीच्या परीक्षेचं केंद्र असायचं. पेपरच्या आधी सगळ्या शिक्षकांचे मोबाइल गोळा करायचे, एकेक बंद करायचा आणि कपाटात ठेवायचा, हेही मावशींकडंच. कुणाचा मोबाइल कसा बंद होतो, कंपनीगणिक, त्यांना पाठ होतं. पेपर चालू असताना एखादा वाजला तर बोलणी मावशींना बसायची.

नवऱ्याचं नाव गेलं, मुलाचा चेहरा गेला, आणि हे तेवढं राहिलं. काही गरम झालं, काही विनाकारण चालू दिसलं, की बंद करायचं. मला वाटलं काका चिडतील. ते मावशींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हुशार व्हती रे ही. माझ्याहून लई हुशार." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आता प्रश्न माझ्या कामाचा होता. काही मोबाइल बंद करतानाही पासवर्डचे आकडे मागतात. तशी सोय यात नव्हती. मी वेगवेगळे उपाय सुचवत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "बटनच काढून टाक."

"काढता येईल. पण एकदा का हा पूर्ण बंद पडला की तुम्हाला सुरू करता येणार नाही. माझ्याकडंच आणावा लागेल."

"बंद पडूच द्यायचा नाय मी. काढ."

मी जरा रेंगाळलो. का ते नीट सांगता येत नाही. एका बाईला दिवसभरात एकच गोष्ट अचूक जमत होती आणि ती मी काढून घेणार होतो. तसं मी काकांना म्हणालोही. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मिलिंद, मला ती सापडली पायजे. बाकी मला काय नको. तुला नाय जमत तर दुसरीकडं जातो."

मी मोबाइल उघडला. कडेच्या बटनाखाली नखाएवढी एक पट्टी असते, ती काढली आणि झाकण परत बसवलं. काम पाच मिनिटांचंही नव्हतं. बटन वरून तसंच दिसत होतं. मावशींनी ते दाबलं. मग पुन्हा दाबलं, जास्त वेळ. मग अंगठा उचलून अंगठ्याकडंच बघत राहिल्या. काकांनी मोबाइल हळूच त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत घातला.

पुढचे काही आठवडे काकांचे फार सुखात गेले. निळा ठिपका दिवसभर हलत राहायचा, संध्याकाळीही बॅटरी शिल्लक. काका दुकानात यायचे ते आता गप्पा मारायला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मोबाइल उघडून मला दाखवायचे, "ही बघ, टेशनावर बसलीया." मग सावकाश उठून, वाटेत पेपर घेऊन, तिला आणायला जायचे. धावणं नाही, विचारणं नाही. रिक्षास्टँडवरच्या पोरांनाही हे कळलं होतं. त्यातला सलीम म्हणायचा, "चाचा ने मौसी को मोबाइल लगा दिए. अब पूरा आराम है." मीही ऐटीत होतो. माझ्या हाताचं काम होतं ते.

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना उन्हाचं वेगळं सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. अशा एका दुपारी, उन्हं कलायच्या जरा आधी, काका माझ्या दुकानात शिरले. छत्री उघडीच होती, दारात अडकली, तशी टाकून ते आत आले. हातात ती कापडी पिशवी.

"ही हाय. ती नाय," ते म्हणाले.

मावशी सकाळी बाहेर पडल्या होत्या. ठिपका त्यांच्या जुन्या शाळेवर जाऊन थांबला. काकांना वाटलं, शाळेत गेलीय, ओट्यावर बसली असेल. ठिपका जागचा हलला नाही म्हणून त्यांनीही घाई केली नाही. नंतर छत्री घेऊन गेले. फाटकाला कुलूप, पण कुंपणाला एका बाजूनं वाट होती. त्यांनी मोबाइलवर फोन लावला. आवाज ऑफिसच्या खिडकीतून आला. खिडकीच्या कठड्यावर पिशवी ठेवलेली होती, नाडी नीट गुंडाळून. शाळेत पोरांची हरवलेली वस्तू सापडली की मावशी तिथंच आणून ठेवायच्या. बंद होत नाही, अंगाला चटके देतं, म्हणजे हे आपलं नव्हेच, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. हा माझा अंदाज. त्यांना काय वाटलं ते आता कुणाला कळणार?

काकांनी शाळेभोवतीची प्रत्येक सावली धुंडाळली होती. ठिपका इथं आहे म्हणजे मावशीही इथंच कुठंतरी, याच्या पलीकडं त्यांचं डोकं जाईना. दुकान तसंच उघडं टाकून मी त्यांच्याबरोबर निघालो. रिक्षास्टँडवर सलीम होता. मी विचारलं, मावशी दिसल्या का?

"हौ, देखा ना मैं," तो म्हणाला. "सुबह में गई, जालना रोड की तरफ. जल्दी जल्दी जा रही थी."

"मग थांबवलं का नाहीस?"

तो आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा पडला. "चाचा पूछते आए नहीं. मैं समझा, उनको मालूम होंगा. मोबाइल है ना मौसी के पास."

पुढं भाजीवाल्या सुमनबाईंनीही तेच सांगितलं. "मला वाटलं काका मागून येतच आसतील. रोज तर येतात आता आरामात." रसवंतीवाल्यानंही तेच. सगळ्यांनी पाहिलं होतं. पूर्वी यातल्या कुणीही मावशींचा हात धरून त्यांना सावलीत बसवलं असतं. त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की मावशी कुठं आहेत ते काकांना कळतंय. काका कुणावर ओरडले नाहीत. प्रत्येकाचं ऐकून, मान हलवून पुढं निघायचे.

सलीमनं रिक्षा काढली, इतरांनीही काढल्या. चिकलठाण्यापर्यंत, त्याच्या पुढं, कंपन्यांच्या गेटांवर, ढाब्यांवर विचारत गेलो. विमानतळानंतर मावशींना कुणीच पाहिलं नव्हतं. पोलिसांत कळवलं. अंधार पडला तेव्हा सलीमनं काकांना जबरदस्तीनं पाणी पाजलं.

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडल्या. करमाडच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत, एका बंद टपरीच्या आडोशाला. चप्पल काढून बाजूला ठेवलेली, पदर डोक्यावर. टपरीची सावली दुपारनंतर पलीकडं सरकली असणार आणि त्यांना उठता आलं नसणार. डॉक्टरांनी ऊन लागून गेल्याचं सांगितलं. मी ओळख पटवायला काकांबरोबर गेलो होतो. त्यांच्या वेणीचं एक टोक सुटलं होतं. काकांनी तिथंच बसून ते पुन्हा बांधलं.

लोक मला म्हणतात, तू तर तुझं काम केलंस. खरं आहे. मोबाइलमध्ये काही खोट नव्हती. खिडकीत तो दुपारभर तापत पडला होता तरी बॅटरी निम्म्याहून जास्त होती, आणि ठिपका अगदी अचूक होता. इतकं चोख काम माझ्या हातून फार थोड्या वेळा झालंय. त्या दुपारी मला माझ्या धंद्याचा असा वीट आला की पुढं बरेच दिवस मी शटर वर केलं नाही. मग केलं. घर चालवायचं असतं, आणि लोकांचे मोबाइल बिघडायचे थांबत नाहीत. फक्त अपडेटनंतर बॅटरी टिकत नाही म्हणून कुणी म्हाताऱ्या आईचा किंवा बापाचा असा मोबाइल घेऊन आलं, तर मी दुरुस्त करून देतो आणि सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत जा, रोज विचारत जा. बहुतेकांना ते ऐकायला वेळ नसतो. मोबाइल चालू झालेला असतो, ते निघालेले असतात.

मावशींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर काका दुकानात आले. मी नको म्हणत असताना त्यांनी पिशवीसकट मोबाइल माझ्यासमोर ठेवला. कुणा गरजूला दे, म्हणाले. मग मावशी बसल्या होत्या त्याच स्टुलावर बसले. मी म्हणालो, काका, यात तुमचा काही दोष नाही, ठिपक्यानं फसवलं.

"ठिपक्यानं नाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुला येक सांगतो. आजून पोरालाबी सांगितलं नाय. त्या दिवशी ठिपका शाळंवर थांबल्याला मी सकाळीच पाह्यला व्हता. शाळा काय लांब नाय, पाच मिन्टांची वाट. म्हणलं, बसली आसंल ओट्यावर, गार सावली हाय, बसू दे. ही आजारी पडल्यापासून मी उभ्याउभ्याच खायचो रे, येक डोळा दारावर ठिवून. त्या दिवशी वांग्याची भाजी केली, दोन भाकरी टाकल्या, खाली मांडी घालून बसलो. सावकाश जेवलो. दुसऱ्यांदा भाजी घेतली. मग घटकाभर आडवाबी झालो. लई दिवसांनी मला त्या दिवशी जेवनाला चव लागली व्हती, मिलिंद."